बुधवारचे फोन

बुधवारी रात्री आठ ते साडेनऊ मी कुणाच्या लग्नाला, बारशाला, केळवणाला जात नाही. घरच्यांना आता सवय झाली आहे. जेवणं साडेसातला उरकतात, ह्यांच्या मालिकेचा आवाज बारीक होतो आणि मी लाल कापडी पुठ्ठ्याची वही उघडून फोन लावायला बसते. एका बुधवारी सात फोन. आमचे स्वयंसेवक दादा-ताई एकूण 28, म्हणजे प्रत्येकाची पाळी महिन्यातून एकदा येते. नव्यांना मात्र पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी फोन असतो, तेव्हा गुरुवारही त्यातच जातो.

काम काय आहे ते आधी सांगते. पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायथ्याच्या आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्त्यांमधली आठवी ते दहावीची मुलं. प्रत्येक मुलाला एक दादा, प्रत्येक मुलीला एक ताई. दर शनिवारी दीड-दोन तास हा मोठा माणूस फक्त त्या एका मुलासाठी येतो. शिकवणी घ्यायची नाही, उपदेश करायचा नाही. गप्पा मारायच्या, पर्वती चढायची, कॅरम खेळायचा, आयटीआयचा फॉर्म कसा भरतात ते बघायचं. इंग्रजीत ह्याला मेंटरिंग म्हणतात आणि आमच्या अर्जांवरही तोच शब्द छापलेला आहे. मुलं मात्र ‘माझा शनिवारवाला दादा’ म्हणतात. मला तेच नाव जास्त बरोबर वाटतं.

मी ह्यात आले बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर. शेवटची सहा वर्षं वसुलीला होते. लोकांना वाटतं वसुली म्हणजे दरडावणं. तसं काही नसतं. हप्ता चार दिवस लांबला की लगेच, गोड आवाजात, ‘सगळं ठीक ना?’ एवढंच विचारायचं असतं. तीन हप्ते थकल्यावर केलेल्या फोनला काही अर्थ उरत नाही, कारण तोवर तो माणूस मनानं बँकेतून उठून गेलेला असतो. हे ज्ञान पुढे कुठे कामी येईल असं वाटलं नव्हतं.

2017 च्या जूनमध्ये आम्ही दादा-ताईंची पहिली तुकडी घेतली. 22 जण. त्यांचं प्रशिक्षण म्हणजे एक अख्खा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि 64 स्लाइड. किशोरवयातल्या मेंदूची वाढ, ऐकण्याची कौशल्यं, नात्यातल्या मर्यादा, सगळं त्यात होतं. त्यातल्या वीसेक स्लाइड मीच केल्या होत्या, त्यामुळे हसायचं असेल तर आधी मलाच हसते. दुपारी बटाट्याची भाजी, पुऱ्या, श्रीखंड. श्रीखंडानंतर मर्यादांवरच्या स्लाइड आल्या. अर्धी मंडळी डुलक्या काढत होती. शेवटी प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढला, आणि दिवाळीपर्यंत 22 चे 9 उरले.

बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं की आजकालच्या लोकांना बांधिलकी नसते. मीही मान हलवली. घरी आल्यावर मात्र जुनी खोड उचल खाऊ लागली. गळालेल्या 13 जणांची यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला घेतला. दहा जणांनी उचलला. पहिल्या दोन मिनिटांत दहाही जणांनी एकच कारण सांगितलं: काकू, वेळच मिळत नाही. मी ‘हो ना, हो ना’ करत राहिले. दहाव्या मिनिटाला खरं बाहेर यायला लागलं. ‘मला वाटलं, त्या पोराला माझा काही उपयोगच होत नाहीये.’ शब्द वेगवेगळे, पण सात जणांनी हेच सांगितलं. एक जण म्हणाली, ‘ती माझ्याशी बोलते ते माझं मन राखायला बोलते, असं वाटायचं.’ ह्यावर आमच्या 64 स्लाइडमध्ये एक अक्षर नव्हतं.

खरं तर ते स्लाइडवर मावणारं नव्हतंच. हे मला लातूरकरानं शिकवलं.

लातूरकर म्हणजे हिंजवडीत नोकरीला असलेला, मूळचा लातूरचा, साधासरळ मुलगा. दुसऱ्या तुकडीत आला. त्याला जो पोरगा जोडून दिला तो आठवीतला, कमालीचा घुमा. सहाव्या आठवड्यात मी फोन केला तर हा रडकुंडीला आलेला. ‘काकू, मी एकटाच बोलतोय हो. माझं बालपण सांगून झालं, कॉलेज सांगून झालं, आता कंपनीतल्या मॅनेजरच्या गोष्टी सांगायला लागलोय. तो फक्त हो आणि नाही म्हणतो. दुसरा कुणीतरी द्या त्याला, माझ्यानं काही होत नाही.’

मी म्हटलं, दोन दिवस थांब. मुलाच्या आईला गाठलं. ती चार घरची धुणीभांडी करते, त्यामुळे दुपारी तीन ते चार एवढाच तिचा मोकळा वेळ. तिला विचारलं, शनिवारच्या दादाबद्दल हा घरी काही बोलतो का? म्हणाली, ‘बोलत न्हाई काय. पर शनवारी न सांगता आंघूळ करतो. शेजारच्याकडनं इस्त्री आणून शर्टाला मारतो. आठवडाभर मी आंघुळीसाठी बोंबलत असते मागं.’

हे मी जसंच्या तसं लातूरकराला सांगितलं, आणि बजावलं की पोरासमोर ह्यातला शब्दही काढायचा नाही. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाला, ‘शर्ट तर माझ्या लक्षातच आला नव्हता.’ दुसरा कुणी देण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

दादाला दिसतात आठवड्यातले दोन तास. त्या दोन तासांत मूल जे दाखवत नाही ते आईला दिसतं, वर्गशिक्षिकेला दिसतं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारालासुद्धा दिसतं. दादापर्यंत ते पोचवायला मधे कुणीतरी लागतं. माझ्या कामाचं वर्णन विचाराल तर मी पोस्टमन आहे. (पुढे आम्ही आयांशी बोलण्याचं काम वस्तीतल्याच एका बचतगटाच्या ताईकडे दिलं. माझ्याशी त्या जरा जपून बोलायच्या, तिच्याशी मोकळ्या बोलतात.)

2020 च्या टाळेबंदीत शनिवार बंद पडले, तेव्हा मैत्रिणीच्या मुलीनं मला एक शोधनिबंध वाचायला पाठवला. ती समाजकार्य शिकत होती. जीन ऱ्होड्स आणि जीन ग्रॉसमन ह्या दोन अमेरिकन संशोधकांचा, 2002 सालचा. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही तिकडची ह्या कामातली जुनी संस्था, 1904 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या कामाचा वारसा सांगणारी. तिच्यातल्या जोड्यांचा हा अभ्यास होता. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या त्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. हे कुणीही सांगेल. पण ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्यांतल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीपेक्षा खाली गेलं. म्हणजे दादा आलाच नसता तर बरं झालं असतं. ते वाक्य वाचून मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. 2017 च्या त्या तेरा मुलांची नावं मला पाठ होती.

बँकेत नव्वद दिवस हप्ता आला नाही की खातं अनुत्पादक धरतात, एनपीए. आमच्या कामातही नव्वद दिवसच निघावेत ह्याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही. पण ‘नव्यांना तीन महिने दर पंधरा दिवसांनी’ हा नियम त्या निबंधातून आला. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती: 26 ते 30 वयाच्या, लग्न झालेल्या स्वयंसेवकांच्या जोड्या जास्त तुटतात. हे मी आमच्या बैठकीत सांगितलं तर एक नवविवाहित ताई खवळली. ती आजही आमच्यात आहे, बहुधा मला खोटं पाडायलाच. चांगलंच आहे.

आता प्रशिक्षण कसं करतो ते सांगते. जोडी जुळण्याआधी फक्त तीन तास. मग सहा आठवडे काम केल्यावर पुन्हा तीन तास, कारण प्रश्न पडल्याशिवाय उत्तरं डोक्यात शिरत नाहीत. आणि दर दोन महिन्यांनी एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं, भेळ खायची आणि आपापली फजिती सांगायची. यशोगाथा सांगायला बंदी आहे. एकाची यशोगाथा ऐकली की बाकीच्या पाच जणांचा धीर सुटतो.

पहिल्या तीन तासांतला सगळ्यात चांगला शिक्षक आहे 19 वर्षांचा एक मुलगा. आमच्याकडेच आठवी ते दहावी दादाच्या हाताखालून गेलेला, आयटीआयचा वायरमन. तो खुर्चीत सैल पसरून बसतो, कानात हेडफोन घालतो आणि नव्या माणसाला समोर बसवून ‘मूल’ होतो. पहिला प्रश्न ठरलेला. ‘तुम्हाला ह्याचे किती मिळतात?’ माणूस म्हणतो, काहीच नाही. ‘मग कशाला येता?’ इथे भलेभले अडकतात. कुणी समाजाचं ऋण काढतं, कुणी देशाचं भविष्य. तो जांभई देतो. एका निवृत्त प्राध्यापकांनी चार मिनिटं उत्तर दिलं, त्यावर ह्यानं विचारलं, ‘म्हणजे घरी करमत नाही?’ प्राध्यापक क्षणभर थांबले आणि ‘हो’ म्हणाले. आमच्या वायरमननं हेडफोन काढला. म्हणाला, ‘आता बोलू.’

दुसरा प्रश्न पैशाचा. ‘दादा, पाचशे द्या ना, पुढच्या शनिवारी देतो.’ पैसे द्यायचे नाहीत, हा आमच्याकडे पक्का नियम आहे, आणि ह्याच नियमावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. महिना लाखभर मिळवणाऱ्या माणसाला पाचशेसाठी नाही म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी त्यांना मोबाइलच्या काचेची गोष्ट सांगते. एका ताईच्या मुलीच्या हातून घरातला एकुलता एक फोन पडला, काच फुटली, बाप मारेल म्हणून ती रडायला लागली. ताईनं आम्हाला न कळवता 2,200 रुपये देऊन काच बदलून दिली. मुलगी म्हणाली, महिन्याला दोनशे देऊन फेडीन. ताई हसून बरं म्हणाली. पहिला महिना दोनशे आले. दुसऱ्या महिन्यात मुलगीच यायची बंद झाली. ताईला कळेना काय चुकलं. मला ऐकताक्षणी कळलं. कर्जदार मंडईत बँकेचा माणूस दिसला की रस्ता ओलांडतो, तसंच झालं होतं. ‘फेडायची गरज नाही’ हे सांगायला मी घरी गेले, तर पोरगी दाराआडून म्हणाली, ‘मी देणार आहे.’ ती परत आली नाही. ताई आली, पण दुसरी मुलगी घ्यायला तिला वर्ष लागलं.

म्हणून पैशाचं काही निघालं की ते संस्थेकडे. परीक्षेची फी, चष्मा, दवाखाना, त्यासाठी एक छोटा निधी आहे, आणि तो दादा-ताईंच्या हातून मुद्दामच जात नाही. दादानं एवढंच म्हणायचं: ‘माझ्याकडून नाही, पण कुणाला विचारायचं ते मला माहीत आहे.’ हे वाक्य आम्ही मोठ्यानं म्हणायला लावतो, पाढ्यासारखं. लोकांना आधी हसू येतं.

पाठ करून घेतलेलं दुसरं वाक्य जास्त गंभीर आहे. मूल कधी ना कधी म्हणतं, ‘एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हां.’ इथे माणूस भावनेच्या भरात शब्द देऊन बसतो. तो द्यायचा नाही. म्हणायचं: ‘कुणालाच सांगणार नाही असं वचन मला देता येणार नाही. पण कुणाला सांगायचं झालं तर आधी तुला सांगेन.’ ह्यामागे नुसती सावधगिरी नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकल्यावर खोलीत शांतता पसरते. मग मी सांगते की पोलीस स्टेशनात तुम्हाला एकट्याला पाठवणार नाही, रात्री दोन वाजता फोन केलात तरी मी उचलेन. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 सगळ्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे साठवून घेते. हा सगळा भाग मी वायरमनला करू देत नाही, आणि नाटकातही घेत नाही. एका वर्षी घेतला होता. समोर बसलेल्या एका स्वयंसेविकेला तिचंच बालपण आठवलं. ती चूक माझी होती.

पोलीस पडताळणीवरून होणारे रुसवेफुगवे हा तर वेगळाच अध्याय. ‘आम्ही काय चोर आहोत का?’ असं विचारणारे दर वर्षी दोन तरी निघतात, बहुतेक साठीच्या पुढचे. दिल्ली सरकारनं 2021 मध्ये ‘देश के मेंटॉर’ नावाचा मोठा उपक्रम काढला, तेव्हा राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं नेमक्या ह्याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं, की मुलांशी फोनवर बोलणाऱ्या ह्या माणसांची पडताळणी पुरेशी होत नाही. त्यात राजकारण किती आणि काळजी किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी रुसलेल्या काकांना एवढंच सांगते की सगळ्यात आधी माझा दाखला काढलाय, हा बघा. फाइल उघडून दाखवते. काही जण तरीही निघून जातात. जाऊ देते.

आम्हाला सगळ्यात उशिरा सुचलेली गोष्ट म्हणजे निरोप. चांगला वर्षभर येणारा एक दादा, कंपनीनं अचानक परदेशी पाठवलं म्हणून एका मंगळवारी गेला. गडबडीत मुलाला सांगायचं राहिलं. आम्हालाही त्यानं विमानतळावरून मेसेज केला. त्याचा पोरगा तीन शनिवार येऊन पायरीवर बसला. आम्ही सांगत होतो की दादा गेला, तो ‘असू दे’ म्हणायचा आणि बसायचा. चौथ्या शनिवारी आला नाही. त्या दादाला मी दोष देत नाही. जायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, येण्याचीच तयारी करून घेतली होती.

तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगतो की कधीतरी तुम्ही जाणार आहात. जायचं ठरलं की किमान पाच शनिवार आधी मुलाला सांगायचं. मग दर वेळी ‘आता चार राहिले’, ‘तीन राहिले’ म्हणायचं. जड जातं, मुलं मधेच एखादा शनिवार मुद्दाम बुडवतात, त्याला रागावायचं नाही. शेवटच्या भेटीत भेटवस्तू नाही, फोटो दोन, एक ह्याच्याकडे एक त्याच्याकडे. ‘आपण संपर्कात राहू’ असं खोटं म्हणायचं नाही. वाढदिवसाला फोन करणार असलात तर तारीख सांगून ‘करीन’ म्हणा, आणि ती वहीत मी लिहून घेते.

ह्या वर्षी लातूरकराची पाळी आली. बदली बंगळूरला. त्याचा घुमा पोरगा आता दहावीची परीक्षा देऊन बसलाय. अजूनही फार बोलत नाही, पण लातूरकराला आता त्याचं काही वाटत नाही, दोघं पर्वतीच्या पायऱ्या मुकाट चढतात आणि मुकाट उतरतात. पाच शनिवार मोजून झाले. गेल्या बुधवारी मी त्याला फोन केला.

‘झाली का शेवटची भेट?’

‘झाली काकू. त्यानं विचारलं, तिकडं शनिवारी तुम्ही काय करणार?’

‘मग?’

‘काही सुचलं नाही. म्हटलं, शर्टाला इस्त्री करीन.’ थोडा थांबला. ‘लाजला तो. माफ करा काकू, दोन वर्षं सांभाळलं होतं, शेवटी निसटलंच.’

मी रागवायला हवं होतं, पण काही बोलले नाही. वहीत त्याच्या नावापुढे तारीख टाकली, आणि महिन्यानं दोघांना एकेक फोन करायचा म्हणून पुढच्या पानावर खूण करून ठेवली. पोराला नववीच्या वेळी घेतलेला नंबर अजून तोच आहे का, ते आईला विचारायचं आहे. दुपारी तीन ते चारच्या मधे.